‘तीनशे दोन लावा’ म्हणण्यापूर्वी

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव हे अकोल्याहून वाशीमकडे आणि नागपूरहून मराठवाड्याकडे जाणाऱ्या मार्गांच्या छेदावर वसलेले तालुक्याचे गाव. अशा गावी एखादा तरुण रस्त्यावर दगावला, एखादी सासुरवाशीण विहिरीत सापडली किंवा धुऱ्याच्या भांडणात कुणाच्या डोक्यात काठी बसून प्राण गेला, की पुढचे दृश्य बहुधा ठरलेले असते. शवविच्छेदन होते, नातेवाईक शव ताब्यात घेण्यास नकार देतात, जमाव पोलीस ठाण्यावर जातो आणि एकमुखाने मागणी होते, ‘तीनशे दोन लावा.’ या मागणीमागील दुःख खरे असते, संतापही खरा असतो. परंतु मृत्यू कोणत्या प्रकारचा आहे, याचा विचार त्या गर्दीत कोणी करत नाही आणि पुढे न्यायालयात नेमका तोच प्रश्न उभा राहतो.

गंमत अशी, की आता तीनशे दोन हा आकडाही खुनाचा राहिलेला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे, आणि कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्यासंबंधी आहे. आकडा बदलला, हा बदल वरवरचा. त्या आकड्यामागचा विचार मात्र समाजातील प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक कुटुंबाने समजून घेण्यासारखा आहे. कारण ठाण्याच्या पायरीवर जमाव घेऊन जाणारा बहुधा आपल्यापैकीच कोणी असतो, मृताचे आईवडील आपलेच असतात आणि पुष्कळदा वाहनाची किल्ली ज्याच्या हाती होती तो मुलगाही आपल्याच घरातला असतो.

शिडीच्या पायऱ्या

माणसाचा जीव गेला, एवढ्यावरून कायदा गुन्हा ठरवत नाही. ज्याच्या हातून तो गेला, त्याच्या मनात त्या क्षणी काय होते, हे तो पाहतो. या विचाराची एक शिडी आहे. सर्वांत वरच्या पायरीवर खून. ठार मारण्याचाच हेतू, किंवा सामान्यपणे मृत्यू ओढवेल एवढी गंभीर दुखापत करण्याचा हेतू, अथवा मृत्यू जवळजवळ अटळ आहे हे जाणून केलेले कृत्य, येथे मोडते. शिक्षा मृत्युदंडाची किंवा जन्मठेपेची.

त्याखाली सदोष मनुष्यवध. यातही दोन कप्पे आहेत. एकात हेतू असतो, पण कायद्याने मान्य केलेल्या अपवादामुळे गुन्ह्याची तीव्रता उतरते. अकस्मात आणि गंभीर प्रक्षोभ, स्वसंरक्षणाच्या हक्काची मर्यादा ओलांडली जाणे, कर्तव्य बजावताना लोकसेवकाकडून अधिकाराचा अतिरेक होणे, पूर्वनियोजन नसलेली अचानक मारामारी, आणि सज्ञान व्यक्तीची स्वतःची संमती, असे हे पाच अपवाद आहेत. दुसऱ्या कप्प्यात मारण्याचा हेतू नसतो, पण आपल्या कृत्याने कुणाचा जीव जाण्याचा संभव आहे याची जाणीव असते. नव्या संहितेच्या कलम १०५ मध्ये पहिल्या कप्प्यासाठी जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे कारावास आहे, तर दुसऱ्यासाठी कमाल दहा वर्षे.

सर्वांत खालच्या पायरीवर हयगय. येथे हेतू नाही, जाणीवही नाही. आहे तो बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा. १८६२ मध्ये भारतीय दंड संहिता लागू झाली तेव्हा ही पायरी तिच्यात स्वतंत्रपणे नव्हतीच. १८७० मध्ये कलम ३०४-अ घालून ती निर्माण केली गेली आणि तिची कमाल शिक्षा दोन वर्षे ठरवली गेली. हा दोन वर्षांचा आकडा पुढे दीडशेहून अधिक वर्षे टिकला.

या शिडीच्या बाजूला काही स्वतंत्र पायऱ्याही आहेत. विवाहानंतर सात वर्षांच्या आत, हुंड्यासाठी झालेल्या छळानंतर, स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू झाला तर तो हुंडाबळी ठरतो. बंद दाराआडच्या छळाला साक्षीदार मिळत नाहीत, हे ओळखून १९८६ मध्ये हा गुन्हा कायद्यात आला. छळ सिद्ध झाला, की मृत्यूला सासरची मंडळी कारणीभूत असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद त्यासोबतच करण्यात आली. किमान शिक्षा सात वर्षे. नव्या संहितेतही कलम ८० मध्ये ही तरतूद कायम आहे.

ही विभागणी परकी आहे काय?

मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला, म्हणून हेतू आणि हयगय यांतील भेद इंग्रजांनी आपल्याला शिकवला, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो खरा नाही. धर्मशास्त्राने प्रायश्चित्ताचा विचार करताना बुद्ध्या केलेले पाप आणि नकळत घडलेले पाप असा भेद पहिल्यापासून मानला. कौटिल्याने तर एक संपूर्ण अध्याय अकस्मात मृत्यूच्या तपासणीला दिला आहे. गळा आवळून मारलेला, बुडवून मारलेला, विष दिलेला माणूस शवावरील कोणत्या खुणांनी ओळखावा, हे तो सांगतो आणि फास घेतलेल्या माणसाला आधीच मारून मग टांगले नाही ना, याची खातरजमा करण्यासही बजावतो. भांडणात मार बसलेला माणूस तत्काळ मेला, सात रात्रींत मेला, पंधरवड्यात मेला की महिन्याने मेला, यानुसार त्याने दंडाची प्रतवारी लावली आहे. महिन्याच्या आत मृत्यू झाला तर पाचशे पणांबरोबर उपचाराचा खर्चही मारणाऱ्याकडून वसूल करावा, असे त्याचे म्हणणे आहे. घाव आणि मृत्यू यांतील संबंध किती निकटचा, हा आजही प्रत्येक खटल्यात विचारला जाणारा प्रश्न त्याच्यासमोर होता.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनामुळे होणाऱ्या हानीचा विचार आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, किंवा हाकणाऱ्याने ‘बाजूला व्हा’ अशी मोठ्याने आरोळी दिली असेल, तर दंड नाही. पण हाकणाऱ्याच्या अकुशलतेमुळे गाडी भरकटली तर मालकाला दंड. हाकणारा कुशल असून त्याने प्रमाद केला तर दंड हाकणाऱ्याला. आणि हाकणारा अकुशल आहे हे दिसत असूनही जे त्या गाडीत बसले, त्या प्रत्येकालाही दंड. त्या ग्रंथांतील वर्णपरत्वे दंडभेद आज कोणी स्वीकारणार नाही आणि स्वीकारूही नये. प्रत्येक जीवाचे मोल समान, हे आपल्या संविधानाचे अधिष्ठान आहे. परंतु यंत्रातला अनपेक्षित बिघाड, हाकणाऱ्याचा प्रमाद, आणि अपात्र माणसाच्या हाती वाहन देणाऱ्याचा दोष, या तीन गोष्टी वेगळ्या करण्याची दृष्टी त्यात आहे. ती आजच्या चर्चेतही क्वचितच दिसते.

मराठी माणसाला तर हा भेद एका अक्षराने शिकवला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावे’ या आज्ञेतील ‘ध’चा ‘मा’ झाला, ही आख्यायिका घराघरांत माहीत आहे. ती अक्षरशः खरी की लोकांनी रचलेली, हा वाद बाजूला ठेवू. तिच्यातील कायद्याचा प्रश्न खरा आहे. आज्ञा धरण्याची होती आणि मारेकऱ्यांनी मारले, तर आज्ञा देणाऱ्याचा अपराध कोणता? आजचा कायदा असे सांगतो, की ज्या कृत्याला चिथावणी दिली त्याचा संभाव्य परिणाम म्हणून दुसरे कृत्य घडले, तर चिथावणी देणारा त्यालाही उत्तरदायी असतो. रामशास्त्र्यांनी चौकशीअंती राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावले, ते सत्तेच्या सर्वोच्च स्थानी बसलेल्या माणसाला. अपराधाची पायरी ठरवताना अपराध्याची पायरी पाहायची नसते, हा त्यातला धडा.

मुंबईच्या न्यायालयांतून

खून आणि सदोष मनुष्यवध यांतील सीमारेषा भारतात ज्या निकालाने स्पष्ट केली, तो मुंबई उच्च न्यायालयाचा आहे. १८७६ च्या ‘गोविंदा’ खटल्यात अठरा वर्षांच्या पतीने पंधरा वर्षांच्या पत्नीला खाली पाडले, छातीवर गुडघा टेकवला आणि चेहऱ्यावर मुठीने दोन-तीन जोरदार ठोसे लगावले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी कसोटी घालून दिली ती संभाव्यतेची. मृत्यू येण्याचा संभव असेल तर सदोष मनुष्यवध, मृत्यू येणे हाच सर्वांत संभवनीय परिणाम असेल तर खून. शस्त्र नव्हते, मारण्याचा हेतू दिसत नव्हता, म्हणून हा खून ठरला नाही. एका कोवळ्या मुलीचा तो मृत्यू वाचताना आजही मन विषण्ण होते. पण त्या निकालातली कसोटी देशभरातील न्यायालये आजही वापरतात.

दुसरा खटला सर्वपरिचित आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदल अधिकारी कमांडर नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. लोकमत त्यांच्या बाजूने होते, वृत्तपत्रे त्यांच्या बाजूने होती. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. प्रश्न एवढाच होता, की हा अकस्मात प्रक्षोभ होता काय? पत्नीची कबुली ऐकल्यानंतर नानावटी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडून आले, जहाजावर जाऊन त्यांनी पिस्तूल घेतले, आणि घर सोडल्यावर सुमारे तीन तासांनी गोळ्या झाडल्या. एवढ्या अवधीत सामान्य विवेकी माणूस भानावर येतो, असे न्यायालयाने म्हटले. १९६४ मध्ये राज्यपालांनी त्यांना क्षमा केली, ती वेगळी गोष्ट. क्षमा शिक्षेला मिळाली, गुन्ह्याचे नाव खूनच राहिले.

या दोन निकालांची दिशा परस्परविरुद्ध आहे. एकात लोकांना खून वाटावा असा मृत्यू खून ठरला नाही, दुसऱ्यात लोकांनी निर्दोष मानलेला माणूस खुनी ठरला. लोकांच्या भावनेवर गुन्ह्याचे नाव ठरू लागले, तर ज्याच्या मागे जमाव मोठा त्याची बाजू न्याय्य ठरेल. ज्याच्यामागे जमाव नाही अशा गरिबाला मग कायद्याशिवाय दुसरे कोण आहे?

सर्वांत कमकुवत पायरी

२०२२ या एका वर्षात देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदवले गेले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रात खुनाचे गुन्हे २,२९५ आणि रस्त्यावरचे मृत्यू १५,२२४. म्हणजे खुनी माणसाच्या हातून मरण्याचा संभव जेवढा, त्याच्या कितीतरी पट संभव रस्त्यावर मरण्याचा आहे. प्रत्येक अपघातात कोणाचा तरी गुन्हा असतोच असे नाही. पण असतो तेव्हा तो बहुधा शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर जाऊन बसतो. खुनाबद्दल आपण संतप्त होतो, रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र ‘नशीब’ म्हणतो.

खरी अडचण आहे ती जाणीव आणि हयगय यांमधील रेषेची. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर मद्यप्राशन केलेल्या तरुणाची मोटार पदपथावर चढली. तेथे झोपलेल्या पंधरा मजुरांपैकी सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने हयगय मानली आणि सहा महिन्यांची शिक्षा दिली. सात माणसांसाठी सहा महिने! उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा सदोष मनुष्यवध असल्याचे ठरवून तीन वर्षे शिक्षा दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मद्य पिऊन भरधाव मोटार हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव असतेच, ही भूमिका त्यात घेतली गेली. तीन वर्षेही फार अपुरी आहेत, परंतु शासनाने शिक्षावाढीसाठी अपीलच केलेले नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाला नमूद करावे लागले.

वांद्र्यातच २००२ मध्ये एका विख्यात अभिनेत्याशी संबंधित मोटारीखाली पदपथावर झोपलेला एक जण मरण पावला होता. तो खटला हयगयीच्या कलमाखाली दंडाधिकाऱ्यांपुढे बरीच वर्षे चालला आणि मग सदोष मनुष्यवध म्हणून सत्र न्यायालयात नव्याने सुरू झाला. मे २०१५ मध्ये शिक्षा झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने पुराव्याअभावी अभिनेत्याला निर्दोष मुक्त केले. निकालाच्या बरेवाईटपणात येथे शिरायचे नाही. गुन्ह्याची पायरी कोणती, हे ठरण्यातच दहा वर्षे गेली, की साक्षीदारांची स्मृती आणि पुरावे यांचे काय होते, हे त्यातून दिसते.

आणि भोपाळ! डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायूने हजारो माणसे मेली. कंपनीच्या अधिकाऱ्यांवरील सदोष मनुष्यवधाचा आरोप सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हयगयीवर आणला. त्यामुळे २०१० मध्ये निकाल लागला तेव्हा त्या कलमाची कमाल शिक्षा, म्हणजे दोनच वर्षे, देता आली. देश हळहळला. पण ते दोन वर्षे २०१० मध्ये ठरलेच नव्हते. गुन्ह्याला जे नाव १९९६ मध्ये दिले गेले, त्याच्यासोबत ते आले होते.

या प्रश्नाची धग आमच्या भागालाही लागली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस आमच्या जिल्ह्यातून पुढे जाऊन सिंदखेड राजाजवळ उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी जळून मेले. अशा कोणत्याही प्रसंगी पहिला प्रश्न विचारायचा तो हा. चालकाला डुलकी लागली, की तो मद्य प्यालेला होता? वाहनात अचानक दोष उद्भवला, की दोष माहीत असून वाहन रस्त्यावर आणले गेले? चालक अखंड जागाच होता, हे मालकाला माहीत होते काय? प्रत्येक उत्तराबरोबर पायरी बदलते आणि कधी कधी आरोपीही बदलतो.

नव्या संहितेने काय साधले

हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा नव्या संहितेच्या कलम १०६ मध्ये दोनवरून पाच वर्षांवर गेली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांसाठी ती दोनच वर्षे ठेवली आहे. वैद्यकीय उपचारात घोर हयगय असल्याखेरीज फौजदारी खटला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले होते. रुग्ण दगावताच डॉक्टरवर हात उगारणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे पोटकलमही संहितेत आले. परंतु जानेवारी २०२४ मध्ये वाहनचालकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली ती ते पोटकलम वगळून. जमाव मारेल या भीतीने आम्ही पळतो, असे चालकांचे म्हणणे होते. ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही.

नागरिक सुरक्षा संहितेतील एक तरतूद मात्र कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे बंधनकारक करण्यात आले आहे. राज्यांनी ही व्यवस्था पाच वर्षांच्या आत लागू करायची आहे. आता हिशेब पाहा. गुन्हा कलम १०६ खाली नोंदला तर शिक्षा पाच वर्षे, तज्ज्ञ येण्याचे बंधन नाही. कलम १०५ खाली नोंदला तर बंधन आहे. म्हणजे जाणीव होती की हयगय, हे ज्या पुराव्याने ठरायचे, तो पुरावा गोळा होणे हेच पहिल्या नोंदीवर अवलंबून राहते.

पुण्यातील कल्याणीनगरची घटना ताजी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे अल्पवयीन मुलाच्या हातातील आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली आणि समाज खवळला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. जुलै २०२५ मध्ये मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. येथेही वर्गीकरणाचाच प्रश्न आहे. बाल न्याय कायद्यात सोळा वर्षांवरील मुलाचा प्रौढ म्हणून विचार होतो तो जघन्य गुन्ह्यात, आणि ज्याची किमान शिक्षा सात वर्षे तोच गुन्हा जघन्य. सदोष मनुष्यवधाला दंड संहितेत किमान शिक्षाच नव्हती. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दाखवून दिली होती आणि ती दूर करणे हे संसदेचे काम असल्याचे सूचित केले होते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेने एक योग्य गोष्ट केली. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड. अपात्र माणसाच्या हाती गाडी देणारा दोषी, हे तत्त्व मनूच्या मालकावरील दंडात होते, ते फिरून कायद्यात आले.

अनेक हात, एक मृत्यू

आणखी एका प्रकाराचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा तसाच अंत झाला. दोन्ही ठिकाणी अफवा तीच, आणि जमावातील प्रत्येकाचा मनातला बचावही तोच, मी तर एकच काठी मारली.

कायदा हा बचाव मानत नाही. पाच किंवा अधिक जणांचा बेकायदा जमाव समान उद्दिष्टाने गुन्हा करतो, तेव्हा त्यातील प्रत्येक जण त्या संपूर्ण गुन्ह्याचा धनी असतो. राईनपाडा प्रकरणी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. नव्या संहितेने पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा वा तत्सम कारणावरून केलेल्या खुनाचे स्वतंत्र पोटकलम केले. परंतु या यादीत अफवेचा उल्लेख नाही. आपल्या राज्यातील या दोन्ही घटना अफवेतून घडल्या होत्या. शिक्षा दोन्हीकडे मृत्युदंड किंवा जन्मठेपच असली, तरी गुन्ह्याला त्याचे नेमके नाव देणे हेही समाजाच्या शिक्षणाचे काम असते. मालेगाव असो की पालघर, गावात अनोळखी भिक्षेकरी आला की पहिला दूरध्वनी पोलिसांना गेला पाहिजे, आणि जमावाच्या पुढे आडवा उभा राहणारा पहिला माणूस कार्यकर्ता असला पाहिजे.

आपले काम कोणते?

मग अशा प्रसंगी कार्यकर्त्याने काय करावे? पहिली गोष्ट, जखमीला रुग्णालयात पोहोचवावे. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे भीतीचे कारण नाही. दुसरी, ठाण्यात कलमाची नव्हे, वस्तुस्थितीची मागणी करावी. कोण होते, वाहन कोणते, वेग किती, दारूचा वास होता काय, आधी धमकी दिली होती काय, हे जसे पाहिले तसे पहिल्या खबरीत उतरले पाहिजे. आमच्या वऱ्हाडात अकस्मात मृत्यूची नोंद ‘मर्ग’ म्हणून होते. मर्ग दाखल झाला म्हणजे प्रकरण मिटले, असे समजून गप्प बसू नये. तपासात तथ्य दिसले तर त्यातूनच गुन्हा नोंदवला जातो. तिसरी, चालकाच्या रक्ताचा नमुना वेळेत घेतला गेला, पंचनामा जागेवर झाला, याचा शांतपणे पण ठामपणे पाठपुरावा करावा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य, ही कायद्याची मर्यादा आहे आणि तासागणिक रक्तातील मद्य उतरत जाते. मोर्चात गेलेल्या त्या चार तासांतच पुरावा नाहीसा होत असतो.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. साक्ष द्यावी आणि ती शेवटपर्यंत द्यावी. ठाण्यासमोर घोषणा देणारे शंभर असतात, पाच वर्षांनी सत्र न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे राहणारे दोनही सापडत नाहीत. पुरावा नसताना हट्टाने लावून घेतलेले खुनाचे कलम आरोप निश्चितीच्या वेळीच गळून पडते आणि मग ‘पैसे चारले’ म्हणून आपणच न्यायव्यवस्थेला दोष देतो. उलट जेथे जाणीव स्पष्ट होती तेथे ‘अपघातच तो’ म्हणून हयगयीवर समाधान मानले, तर तोही मृतावर अन्यायच.

आणि घरात? मुलगा चौदाव्या वर्षी मोटारसायकल चालवतो याचे कौतुक आपल्याच ओसरीवर होते. तुरीची पोती भरलेल्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, हे आपल्याच शेतातून निघताना दिसत असते. वरातीतून परतताना चालक प्यालेला आहे, हे गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या क्षणापर्यंत ती हयगय असते. दिसत असूनही आपण गप्प राहिलो, की ती जाणीव होते, आणि कायद्याने आपल्याला दोषी धरले नाही तरी त्या मृत्यूतील आपला वाटा टळत नाही. गुन्ह्याची पायरी न्यायालय ठरवील, साक्षीपुराव्याने ठरवील. पण ज्या हाताने गाडीची किल्ली द्यायची, त्याच हाताने ती वेळीच काढून घेण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे. तो वापरला गेला, तर अनेक खटले उभेच राहणार नाहीत आणि अनेक घरांतील माणसे संध्याकाळी सुखरूप परततील.